हरवलेले सत्तर मिलीग्रॅम

१

"हे तुम्हाला पटायचं नाही," असं म्हणत फान मिस्त्रींनी चिनी बुद्धिबळातली आपली तोफ पटावरच्या नदीपलीकडे ढकलली. "सबंध शीआन शहरात आजवर कुणाला पटलेलं नाही. एका पोरीची पाच वर्षांची मेहनत चोरीला गेली होती आणि तो चोर मी कपभर गरम पाण्यात पकडला. पोलीस नाहीत, कॅमेरे नाहीत. हाच कप."

त्यांनी काचेचा कप उंच धरला. आत संत्र्याच्या वाळक्या सालीचा तुकडा तरंगत होता.

जुन्या तटाच्या पायथ्याशी दगडी मेजाभोवती बसलेले म्हातारे सरसावले. पटापलीकडचा दुआन तेवढा जागचा हलला नाही. त्यानं तीस वर्षं विद्यापीठाचं बॉयलरघर सांभाळलं होतं. पंधरा नोव्हेंबरला गरम पाण्याची झडप उघडायची, पंधरा मार्चला बंद करायची, मधे कुणी कितीही काकडत आलं तरी तारीख हलवायची नाही. एवढ्या नोकरीत त्याच्या नावावर एकच तंबी होती आणि ती कुणाच्या सांगण्यावरून मिळाली हे त्याला आजतागायत उमगलं नव्हतं. बॉयलरच्या घरघरीनं त्याचे कान गेले होते, त्यामुळे फान मिस्त्रींनी ही गोष्ट त्याच्यासमोर निदान शंभरदा तरी बिनधास्त सांगितली होती. आज दुआनच्या कानात पोरं घालतात तसलं पांढरं बटण होतं. गाणी ऐकत असेल, असं फान मिस्त्री धरून चालले.

"सांग एकदाचं," निवृत्त बसड्रायव्हर हान म्हणाला. "तू सुरू झालास की माझी बस डेपोत पोचत नाही."

तर गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची. फान मिस्त्री तेव्हा रसायन विभागात, पदार्थ तापवून त्यांचा आलेख काढणाऱ्या यंत्रावर होते. ते यंत्र, वजनाचा एक बारीक काटा आणि एक ओव्हन एवढं त्यांचं राज्य. ओव्हनच्या दारावर त्यांच्याच अक्षरात पाटी होती: 'खाण्याचे पदार्थ आत ठेवू नयेत.'

तारीख बारा नोव्हेंबर. अकरा-अकराच्या ऑनलाइन सेलची खोकी व्हरांड्यात छातीभर रचलेली. त्यांतून वाट काढत परीक्षक ओउ साहेब आत आले. ते दक्षिणेकडचे, क्वांगचौचे. ओव्हरकोट काढायला तयार नव्हते.

"तुमच्याकडे खोल्या गरम करत नाहीत का?"

"आणखी तीन दिवस कळ काढा, साहेब," फान मिस्त्री म्हणाले.

ओउ साहेब आले होते लुओ शियाओमानचा प्रबंध तपासायला. ही लुओछुआनच्या सफरचंदवाल्याची मुलगी. अग्निबाणाच्या घन इंधनात एक पांढरं मीठ असतं. ते तापून फुटतं आणि त्या जोरावर बाण वर जातो. एरवी ते पुरतं फुटायला चारशे तीस अंश लागतात. शियाओमाननं कोबाल्टच्या गाठी आणि सेंद्रिय रेणूंच्या दोऱ्या घेऊन एक जाळी विणली होती, मैलोन् मैल पसरावी पण डोळ्याला गुलाबी भुकटीच दिसावी अशी. ग्रंथात तिला मोठं नाव आहे, विभागात सगळे जाळीच म्हणत. मिठात ही जाळी चिमूटभर घोटली की मीठ तीनशेलाच फुटायचं. असा उत्प्रेरक त्या इमारतीत कुणाच्या हाताला लागला नव्हता.

"छापलेले आलेख मी फार पाहिलेत," ओउ साहेब म्हणाले. "माझ्या डोळ्यांदेखत करून दाखवा."

शियाओमाननं तपकिरी बाटलीतून दोन मिलीग्रॅम भुकटी मोजली, मिठाबरोबर घोटली, आणि त्यातला कण फान मिस्त्रींनी मुशीत घातला. यंत्र सुरू झालं. दोनशे. अडीचशे. तीनशे आलं आणि गेलं, रेघ सपाटच. साडेतीनशे गेलं. चारशे तीसला कुठे तो उंचवटा आला, जाळी न घातल्यासारखा.

ओउ साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "मग ते आधीचे आलेख तुम्ही कुठून आणलेत, बाई?"

शियाओमान बाटलीची चिठ्ठी पुन्हा वाचू लागली.

"माझं विमान सातचं आहे," साहेब म्हणाले. "पाचपर्यंत मला कारण कळलं नाही, तर अहवालात 'बनावट' लिहावं लागेल. हा शब्द एकदा लिहिला की पदवी जाते, आणि पुढे कुठल्या प्रयोगशाळेचं दारही उघडत नाही. माझा नाइलाज आहे."

२

पहिला संशय यंत्रावर गेला. तो बोलून दाखवला कोउ पंगनं. कोउ म्हणजे शियाओमानचा थोरला गुरुबंधू. ती त्याला दादा म्हणायची. त्याची तांब्याची जाळी तीनशे ऐंशीच्या खाली कधी आली नव्हती.

"यंत्रच म्हातारं झालंय," तो म्हणाला. "मिस्त्रींसारखं."

"आमच्या दोघांपैकी कुणाचं काय बिघडलंय ते सांग, दुरुस्त करतो," फान मिस्त्री म्हणाले. भट्टीला कान लावून ते पाच अंशांच्या आत तापमान सांगत असत...

"थापा," हान म्हणाला.

"दहा अंशांच्या आत," फान मिस्त्री म्हणाले आणि पुढे निघाले.

त्यांनी शियाओमानचा मागच्या महिन्यातला आलेख आणि आजचा आलेख खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. उजेड आरपार आला.

"साहेब, हे दोनशे चाळीसवर बघा. दोन्हींत खड्डा आहे ना? या मिठाची खोडच आहे ती. दोनशे चाळीसला त्याचे स्फटिक कूस बदलतात. त्यात तांबं घाला, कोबाल्ट घाला, नाहीतर माझ्या बायकोच्या हातचं तिखट घाला, कूस तिथेच बदलणार. यंत्र खोटं दाखवत असतं तर हा खड्डाही सरकला असता. तो केसभरही हललेला नाही."

ओउ साहेबांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं. "यंत्र निर्दोष आहे."

"आणि मिस्त्रीही," फान मिस्त्रींनी जोडून दिलं.

शियाओमानच्या मार्गदर्शक युआन बाई दाराशी उभ्या होत्या. त्यांच्या कपाळावर आठी पडली. यंत्र सुटलं होतं, पण पोरीभोवतीचा फास आवळला होता.

"म्हणजे खोट बाटलीत आहे," त्या म्हणाल्या. "बाटलीला हात कुणाकुणाचा लागला?"

३

चौकशीला फान मिस्त्रींनी आपली खोली दिली आणि स्वतः काट्यापाशी स्टूल घेऊन बसले. तिथून बोलणाऱ्याचे हात दिसतात, आणि माणसाचं तोंड काहीही बोलो, हात आपलं काम करतात असं त्यांचं ठाम मत.

शियाओमानचे हात मांडीवर घट्ट होते.

"काल संध्याकाळी सहाला मी भुकटी मोजली. पाचशे मिलीग्रॅम. बाटलीच्या चिठ्ठीवर लिहिलंय. अजून किंचित ओलसर होती, म्हणून तोंडाला भोकं पाडलेली पातळ फिल्म लावली आणि तुमच्या खिडकीतल्या ट्रेमध्ये ठेवली. नेहमी तिथेच ठेवते. सकाळी झाकण लावून घेऊन आले."

"आत बघितलंस?"

"तपकिरी काच आहे हो, मिस्त्री. आणि माझे हात कापत होते. चमचा घातला, मोजलं, घोटलं. मिठात चिमूटभर पडली की कसला रंग दिसतोय."

"घरी कळवलंस?"

"बाबांनी साहेबांना द्यायला सफरचंदांची पेटी पाठवलीय," ती म्हणाली. "खाली फाटकावर आहे. त्यांना काय कळवू?"

कोउ पंग आला तो हात खिशात घालून. खोलीची किल्ली त्याच्याकडे होती, आणि लानचौच्या विद्यापीठात जी एक जागा निघाली होती तिथे त्या दोघांचेही अर्ज होते. हे त्यानं न विचारता सांगितलं.

"आणि तुझ्या टेबलावर कोबाल्टच्या साध्या क्षाराची बरणी आहे," युआन बाई म्हणाल्या. "गुलाबी. आजच फोडलेली."

"पहिल्या वर्षाच्या पोरांना दाखवायला आणलीय, बाई. गरम केलं की निळं होतं, पोरं खूश होतात."

"गुलाबी भुकटीच्या जागी गुलाबी क्षार भरला तर कुणाला कळेल?"

कोउच्या मानेवर लाली चढली. "मला तिचं वाईट करायचं असतं तर मी इतकं ढोबळ केलं नसतं. इतकी वर्षं तुमच्या हाताखाली शिकलोय."

फान मिस्त्रींनी पाहिलं: हात अजून खिशातच होते.

शेवटी छाव मावशी आल्या, झाडलोटवाल्या. ओला पोछा त्यांनी दाराबाहेर टेकवला, तो घसरून खोक्यांवर पडला.

"मी बाटल्यांना हात लावत नाही हो. मागे एकदा लावला होता तर हाताची साल गेली. ट्रे मात्र उचलला, खिडकी पुसायला. चांगला कोमट लागला हाताला. म्हटलं, बरं झालं, बोटं गारठली होती. आणि तुमच्या त्या साली हो, मिस्त्री. आठवडा आठवडा उन्हात घालता तरी चामड्यासारख्या राहतात. आज एका रात्रीत पापडासारख्या झाल्या. एक तर मी तोंडातच टाकली."

फान मिस्त्रींच्या त्या साली छंगकूच्या संत्र्यांच्या. खोकल्यावर बऱ्या. खिडकीतल्या त्याच ट्रेमध्ये त्या वाळत असत.

"झालं का?" मावशी म्हणाल्या. "मला तिसरा मजला आहे."

फान मिस्त्री उठले. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. "साहेब, बाटली इकडे द्या. आणि कोउ, तुझी ती बरणी घेऊन ये."

४

फान मिस्त्रींनी पांढरा कागद पसरला आणि तपकिरी बाटली त्यावर हलकेच कलती केली.

शियाओमान पुढे झुकली आणि तिचा चेहरा उतरला. भुकटी गुलाबी नव्हती. सुकलेल्या द्राक्षांसारखी जांभळी, निस्तेज.

"हे माझं नाही," ती म्हणाली.

सगळे कोउकडे वळले. कोउनं पहिल्यांदाच हात खिशातून काढले. "शपथ घेतो, मी हे केलं नाही. शियाओमान, तुला तरी पटतंय ना?"

पाच वर्षं ज्याच्या डब्यातल्या शेवया शियाओमाननं खाल्ल्या त्याच्याकडे ती नुसती बघत राहिली, आणि त्या बघण्यानं कोउ जास्त कोसळला.

"भांडण मागाहून," फान मिस्त्री म्हणाले. "आधी पाणी."

त्यांनी कपातलं गरम पाणी दोन काचपात्रांत ओतलं. कोउच्या बरणीतला एक दाणा डावीकडे टाकला. पडता पडताच तो विरघळला आणि पाणी गुलाबी झालं. मग बाटलीतली जांभळी भुकटी काट्यावर दोन मिलीग्रॅम मोजून उजवीकडे टाकली. ती वाळूसारखी तळाशी बसली. त्यांनी ढवळलं. पुन्हा बसली. पाणी नितळच.

"साधा क्षार म्हणजे सुटे दाणे. पाणी मिळालं की चालले. जाळीचं तसं नाही. गाठी दोऱ्यांना धरून असतात, गरम पाण्यातही सुटत नाहीत. कोउनं आपली बरणी ओतली असती तर दोन्हींकडे गुलाबी पाणी दिसलं असतं. ही भुकटी बदललेली नाही. पोरी, ही तुझीच आहे."

"मग रंग?"

"ते तू सांगायचं. आधी काट्यावर ठेव."

शियाओमाननं आता हात कापू दिले नाहीत. भुकटी काट्यावर गेली, काचेची दारं बंद झाली, आकडे धावून स्थिरावले. चारशे सव्वीस.

"पाचशे होते," ती पुटपुटली. "दोन मी प्रयोगाला घेतले, दोन पाण्यात गेले. सत्तर कमी आहेत."

"सत्तर मिलीग्रॅम कोण चोरेल?" ओउ साहेब म्हणाले. "एवढ्याशानं कुणाचं काय होणार?"

शियाओमान काट्याकडे बघत होती. मग तिनं झटकन आपला प्रबंध ओढला आणि पानं उलटत एका आलेखावर बोट ठेवलं. जाळी एकटी तापवली तर तिचं वजन कसं घटतं, त्याचा तो आलेख. पहिलीच पायरी: चौदा टक्के.

"पाचशेचे चौदा टक्के," ती म्हणाली. तिच्या आवाजात पुन्हा जीव आला होता. "सत्तर. साहेब, हे पाणी आहे. जाळीच्या गाठींना पाण्याचे रेणू धरलेले असतात, त्यांच्यामुळेच ती गुलाबी दिसते आणि उघडी राहते. तापवून ते पाणी काढलं की ती जांभळी पडते, घरं मिटतात. मिटलेली जाळी मिठाला हात लावू शकत नाही. माझे आधीचे आलेख खरे आहेत. ही भाजलेली आहे."

ओउ साहेबांनी स्वतः गुणाकार केला, दोनदा. मग पेनाचं टोपण काढलं.

"हे मला पटलं," ते म्हणाले. "आता एवढंच राहिलं. ही भाजली कुणी?"

घड्याळात पाचला वीस मिनिटं होती, आणि कोउ पंग अजूनही भिंतीला टेकून उभा होता.

५

"कुणी नाही," फान मिस्त्री म्हणाले.

ते खिडकीपाशी गेले. खिडकीखाली खोली गरम करायचा लोखंडी नळकांड्यांचा संच होता, आणि बरोबर त्याच्यावर तो ट्रे. मग ते दाराशी गेले. दारावर एक छापील कागद चिकटवला होता: 'अकरा नोव्हेंबर रोजी नळांत चाचणीचे पाणी सोडण्यात येईल. गळती आढळल्यास कळवावे.'

"मावशींच्या हाताला ट्रे कोमट लागला. माझ्या साली रात्रीत कुरकुरीत झाल्या. त्याच ट्रेमध्ये बाटली होती, तोंडाला भोकं पाडलेली फिल्म. अकराच्या संध्याकाळी चाचणीचं पाणी आलं, नळकांडी तापली, रात्रभर तापत राहिली, आणि पोरीचं पाणी त्या भोकांतून उडून गेलं. हाच तुमचा चोर, साहेब. वाफ."

ओउ साहेब दक्षिणेतले. त्यांच्या शहरात असले नळच नसतात. त्यांनी त्या लोखंडाकडे आदरानं पाहिलं.

युआन बाई मात्र इथल्याच. "चाचणीचं पाणी इतकं गरम असतं, मिस्त्री?"

"यंदा होतं, बाई."

बाईंनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं आणि मान डोलावली.

पाचला पाच मिनिटं कमी असताना ओउ साहेबांनी अहवालात लिहिलं: 'नमुना तापल्यामुळे निकामी. नव्या नमुन्यावर प्रयोग पुन्हा करून दाखवावा.' जानेवारीत शियाओमाननं नवी जाळी विणली आणि मीठ दोनशे अठ्ठ्याण्णवला फोडून दाखवलं. साहेबांनी मिस्त्रींना तीन वेळा वाकून नमस्कार केला...

"एकदा," हान म्हणाला.

"एकदा, पण कमरेतून. आणि पोरीनं त्या संध्याकाळीच सफरचंदांची पेटी फोडली आणि पहिलं फळ कोउला दिलं. त्यानं ते खाल्लं नाही, खिशात घातलं. पुढे लानचौची जागा तिला मिळाली, आणि अर्ज मागे घेणारा कोण होता ते मी सांगत नाही. दर शरदात माझ्याकडे पेटी येते." फान मिस्त्रींनी कपातून एक सावकाश घोट घेतला. "कुणाच्या केसाला धक्का लागला नाही. विभागानं बॉयलरघराला एक कागद धाडला, की बाबांनो, पाणी जपून सोडा. संपलं."

हाननं टाळी वाजवली. एकानं सिगारेट पुढे केली.

"थंड," दुआन म्हणाला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. दुआन सहसा बोलत नसे.

"चाचणीला थंड पाणी सोडतात." त्याची नजर अजून पटावरच होती. "नळ कुठे गळतो ते हातानं चाचपायचं असतं. गरम पाणी सोडलं तर हात भाजतील. तीस वर्षांत एकदाही गरम सोडलं नाही. पंधरा तारखेच्या आत बॉयलरला कधी काडी लावली नाही मी."

"तुला ऐकू येतंय?" फान मिस्त्री म्हणाले.

"मुलीनं मशीन पाठवलंय. परवापासून." दुआननं कानातलं पांढरं बटण बोटानं नीट बसवलं. "त्या कागदावर काय लिहिलं होतं ते मला पाठ आहे. 'अकरा नोव्हेंबर रोजी निष्काळजीपणे गरम पाणी सोडले.' त्या वर्षीचं आदर्श कामगाराचं मानपत्र माझ्या नावानं लिहून तयार होतं. ते दुसऱ्याला गेलं. मी म्हणायचो, अरे, बॉयलर गारच होता, हात लावून बघा. कुणी बघितलं नाही. नऊ वर्षं मी विचारतोय, हे कुणी सांगितलं."

हाननं आपली सिगारेट न पेटवताच खाली ठेवली.

"बरं, नळ गार होते," दुआन पुढे म्हणाला. "पण ट्रे कोमट होता, हे खरं. साली एका रात्रीत पापडासारख्या झाल्या, हेही खरं. आठवडा उन्हात घालून होत नाहीत त्या."

फान मिस्त्रींनी पटाकडे हात नेला, तोफ उचलली, आणि ती कुठे ठेवायची ते त्यांना सुचेना.

दुआननं पटावरून हात पलीकडे घातला, त्यांच्यापुढचा कप उचलला, नाकाशी नेला आणि सालीचा वास घेतला.

"त्या खोलीत ओव्हन कुणाचा होता, फान?"